झाड लावणं ही पाचवी पायरी: बेळगाव भागातल्या बागांत इथली झाडं, पाखरं, फुलपाखरं राखायची तर

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की मला तेच फोन येतात. ५ जूनला, पर्यावरण दिनाला, बागेत पन्नास रोपं लावली, मंडळी आली, फोटो झाले, आता दहा-बाराच उरलीत, काय चुकलं? किंवा फुलपाखरांसाठी म्हणून बाग केली, भरपूर फुलं आहेत, पण फुलपाखरं येतात आणि निघून जातात, राहत नाहीत, असं का? चूक बहुतेक वेळा एकच असते, आधी कळस मग पाया. लोक झाड लावण्यापासून सुरू करतात, आणि लावणी ही माझ्या हिशेबात पाचवी पायरी आहे. तिच्या आधी चार गोष्टी झाल्या नसतील तर रोपं आणूच नका, ते पैसे ठेवून द्या पुढच्या वर्षाला.

खाली लिहिलंय ते वर्षभराचं वेळापत्रक समजा, जानेवारीला सुरू होणारं. बाग महापालिकेची असो, ग्रामपंचायतीची असो नाहीतर कॉलनीतला ओपन स्पेस असो, क्रम तोच.

१) जानेवारी ते मार्च: आधी बागेत काय आहे ते बघा

वही, पेन्सिल, मोबाईल, जमली तर एक साधी दुर्बीण, एवढंच सामान. बागेचा हातानं नकाशा काढा, गेट कुठं, नळ कुठं, विजेच्या तारा कुठून जातात, पावसाचं पाणी कुठं साचतं, संध्याकाळी कुठं सावली असते. मग प्रत्येक मोठ्या झाडाला नंबर द्या आणि नाव लिहा. नाव माहीत नसेल तर पान, फूल, साल आणि पूर्ण झाड असे चार फोटो काढा, नुसत्या पानाच्या फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही.

हे काम फेब्रुवारीत करायला सांगतो त्याला कारण आहे. काटेसावर, पळस, पांगारा हे तिन्ही पान झाडून या दिवसांत फुलतात, लांबूनसुद्धा ओळखू येतात, आणि पाखरं कुठल्या झाडाला खरी धरून आहेत तेही ह्याच वेळी कळतं. फुललेल्या काटेसावरीखाली सकाळी सातला वीस मिनिटं नुसतं उभं राहा. बुलबुल, मैना, भांगपाडी मैना, शिंजीर, कावळे सगळे वर भांडत असतात आणि खाली जाडजूड लाल फुलं टप टप पडत असतात, त्या पडलेल्या फुलांवर खार आणि मधमाश्या तुटून पडलेल्या असतात. ज्या झाडावर एवढी वर्दळ आहे ते झाड तुमच्या बागेचं भांडवल आहे, नवीन काही लावायच्या आधी ते राखायचं.

झाडांबरोबर आणखी तीन गोष्टी वहीत लिहा. ढोल्या कुठल्या खोडात आहेत, वाळक्या फांद्या कुठं आहेत, आणि घरटी. तांबट पक्षी वाळक्या फांदीला भोक पाडून घर करतो, त्यामुळं जी फांदी माळ्याला बिनकामाची वाटते ती त्याचं घर असू शकते.

सावध: घरट्याचा फोटो जागेसकट ग्रुपवर टाकू नका. चार दिवसांत तिथं गर्दी होते आणि पक्षी घरटं सोडून जातो, मी हे डोळ्यानं बघितलंय.

तपासून बघा: मार्चअखेर तुमच्याकडं नकाशा, झाडांची यादी आणि निदान आठ-दहा वेळा बागेत बसून केलेल्या पक्ष्यांच्या नोंदी आहेत का? नसतील तर पुढं जाऊ नका.

२) परवानगी आणि माणसं

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा, आणि ९० टक्के कामं इथंच अडतात. बाग कुणाच्या ताब्यात आहे ते आधी पक्कं करा, महापालिकेचं उद्यान खातं, ग्रामपंचायत की वनखातं. आपल्याकडं वनखात्याला अरण्य इलाखे म्हणतात, पाटीवर तेच शोधा. अर्ज कन्नडमध्ये करा, सोबत मराठी प्रत लावा. भाषेचा वाद बाजूला ठेवून सांगतो, कन्नड अर्ज टेबलावरून लवकर सरकतो आणि ज्याच्याकडं तो जाणार आहे त्याला तो वाचता येतो, आपल्याला झाडं जगवायची आहेत. पोच घ्या, शिक्का मारलेली.

अर्जात "वृक्षारोपण करणार आहोत" एवढंच लिहू नका. कुठला कोपरा, किती फूट बाय किती फूट, कुठली झाडं, पाणी कोण घालणार, किती वर्षं, हे लिहा. आणि एक ओळ हमखास टाका, की या पट्ट्यात गवत कापायचं नाही, पाला जाळायचा नाही, औषध मारायचं नाही. ही ओळ कागदावर नसेल तर उद्या नवा कंत्राटदार येतो आणि ग्रास कटर फिरवून अर्ध्या तासात वर्षभराचं काम सपाट करतो, मग कुणाशी भांडणार?

दोन कायदे माहीत असू द्या. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्यात झाड तोडायला ट्री ऑफिसरची परवानगी लागते, त्यामुळं सुशोभीकरणाच्या नावाखाली कुणी कुऱ्हाड घेऊन आला तर आधी परवानगीचा कागद मागा. दुसरा २००२ चा जैवविविधता कायदा. त्यात प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असं आहे. तुम्ही पहिल्या पायरीत केलेली यादी या समितीकडं लेखी द्या. नोंद झालेल्या झाडाला हात लावणं पुढं अवघड जातं.

आता माणसं. माळी पहिला. त्याला बैठकीला बोलवा, बाजूला उभा करू नका, त्याला खुर्ची द्या. बाग दिवसभर तोच बघतो, तुम्ही तासभर बघता. दुसरे सकाळी फिरायला येणारे, विशेषतः वयस्कर मंडळी, कारण "हे रान कशाला वाढवलासा हो, साप येतील की" ही पहिली तक्रार त्यांचीच असते आणि ती भीती खोटी नाही. त्यांना चालायचा रस्ता दोन्ही बाजूला तीन-तीन फूट स्वच्छ ठेवू असं सांगा आणि ते पाळा. सर्पमित्राचा नंबर माळ्याच्या खोलीत मोठ्या अक्षरात लावा. तिसरी पोरं. क्रिकेटच्या पट्ट्यात झाड लावू नका, ते जगणार नाही आणि पोरांशी कायमचं वैर होईल ते वेगळं.

३) एप्रिल: काय करायचं नाही तो कोपरा आखा

बागेचा दहावा हिस्सा तरी असा सोडा जिथं हात लावायचा नाही. भिंतीकडेचा, मागचा, जिथं तसंही कुणी बसत नाही असा. चार खुंट्या, सुतळी, बास.

या कोपऱ्यात पडलेला पाला तिथंच राहतो. पाल्याखाली ओल टिकते, त्यात गांडूळं, वाणी, गोम, सुरवंटांचे कोष, आणि ते खायला सातभाई आणि दयाळ येतात. सातभाईंचा घोळका पाला उलटापालटा करताना बघितलाय का, एकेक पान उचलून बाजूला फेकतात, अगदी कपाटात हरवलेली वस्तू शोधावी तसं. झाडून लख्ख केलेल्या बागेत हा पक्षी काय करणार?

बाकी बागेतला जास्तीचा पाला जाळू नका, खड्ड्यात घाला. १० फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट खोल खड्डा, एक थर पाला, त्यावर शेणकाला शिंपडायचा, परत पाला, ओल टिकवायची, महिन्याला एकदा खालीवर करायचं, चार ते सहा महिन्यांत खत तयार. मार्च-एप्रिलमध्ये सुरू केलं तर दिवाळीच्या आत हाताशी येतं. पण सागाची, वडाची जाड पानं लवकर कुजत नाहीत, ती पायानं चुरून घाला.

वाळकं झाड रस्त्यावर, बाकावर पडण्याचा धोका असेल तरच काढा, तेसुद्धा माणसाच्या उंचीएवढं खोड तसंच ठेवून. पडलेला ओंडका आडवा राहू दे, पोरं त्यावर बसतात आणि खाली किडे राहतात.

सावध: मार्च ते जुलै फांद्या छाटू नका. बऱ्याच पाखरांचा विणीचा काळ आहे. तारांसाठी छाटावंच लागलं तर आधी खालून नीट बघा, घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत तीन-चार आठवडे थांबायला सांगा.

४) उपरं तण काढणं, पण टप्प्याटप्प्यानं

गाजर गवत, घाणेरी म्हणजे टणटणी, रानमोडी, सुबाभूळ ही आपल्याकडची नेहमीची मंडळी. गाजर गवत फुलायच्या आधी उपटायचं, जमीन ओली असताना, मुळासकट, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून, कारण अनेकांना त्यानं अंगाला खाज येते, दम लागतो. फुललेलं उपटून ढीग लावला तर बी तिथंच पिकून पडतं आणि पुढच्या पावसात दुप्पट येतं. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढरट अंगावर काळ्या रेघांचा छोटा भुंगेरा दिसला तर त्याला मारू नका, हा मेक्सिकन भुंगेरा मुद्दाम आणलेला आहे, १९८४ साली बंगळुरात सोडला होता, तो फक्त तेवढ्यासाठीच कामाचा.

घाणेरीची गोष्ट वेगळी. एका दिवसात सगळी तोडू नका. बुलबुल, मुनिया, ससे, मुंगूस सगळे त्या काटेरी झुडपात आसरा घेतात, आपण साफसफाई म्हणून त्यांचं छप्पर काढतो. एका वर्षी तिसरा हिस्सा काढा, जमिनीखाली मुळाचा गड्डा असतो तो पहारीनं उकरून, आणि त्या जागी करवंद, तोरण, निर्गुडी, धायटी अशी इथली झुडपं लावा. ती वाढली की पुढचा हिस्सा.

तणनाशक नको. सार्वजनिक बागेत तर अजिबात नको, पोरं गवतात लोळतात.

तपासून बघा: तण काढलेली जागा उघडी राहिलीय का? उघडी जमीन म्हणजे गाजर गवताला आवतण. लगेच पाल्याचा चार बोटं थर द्या.

५) मे ते जुलै: आता लावणी

खड्डे मे महिन्यात. २ फूट लांब, रुंद, खोल. बेळगावातल्या कॅम्प, हिंदवाडी बाजूच्या तांबड्या मुरमाड जमिनीत पहारीशिवाय होत नाही, आणि जांभा लागला तर अडीच फूट करा, कारण मुळांना फुटायला जागा लागते. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. १५-२० दिवस खड्डा उन्हात तापू दे. भरताना वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत दोन बुट्ट्या, पाला, मुरूम सगळ्यात शेवटी आळ्याच्या बांधाला. कच्चं शेण घालू नका, हुमणी लागते आणि मुळं खाऊन टाकते. शहापूर, वडगावच्या शिवाराकडं काळी जमीन आहे, तिथं उलट, जुलै-ऑगस्टच्या झडीत खड्ड्यात पाणी तुंबून रोप सडतं, म्हणून तिथं रोप जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच वरंब्यावर लावा.

कुठली झाडं? इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "देशी झाड" म्हणून कुठलंही देशी झाड कुठंही चालत नाही. आपल्या जिल्ह्यात ७०-८० किलोमीटरच्या अंतरात पाऊस इतका बदलतो की झाडांची अख्खी यादी बदलते. बेळगाव शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, वर्षाला १२००-१३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कणकुंबीला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि अथणी, रायबाग, सौंदत्तीकडं शहराच्या निम्मासुद्धा कधीकधी होत नाही.

खानापूर, जांबोटी पट्टा: ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, अंजनी, हिरडा, बेहडा, बकुळ, कोकम.

बेळगाव शहर आणि आसपास: जांभूळ, करंज, पळस, काटेसावर, पांगारा, बहावा, शिवण, उंबर, आपटा.

गोकाक, अथणी, सौंदत्ती बाजू: कडुनिंब, बाभूळ, शमी, हिवर, बोर, पळस, करंज.

उंबर, वड, पिंपळ भिंतीपासून, ड्रेनेजपासून निदान ३० फूट लांब. ही झाडं लावायला लोक बिचकतात, पण अख्ख्या बागेत एकच मोठं झाड लावायची मुभा असेल तर मी उंबर लावेन. उंबराला वर्षातून अनेकदा फळ येतं, इतर काही पिकलेलं नसतं तेव्हासुद्धा, म्हणून हरियाल, तांबट, कोकीळ, वटवाघळं सगळ्यांचं पोट त्यावर भागतं.

गुलमोहर, रेन ट्री, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, कोनोकार्पस नवीन लावू नका. असलेला जुना गुलमोहर मात्र तोडायची गरज नाही, सावली देतोय, देऊ दे.

रोपं वनखात्याच्या नर्सरीतून घ्या, पिशवीच्या साईजप्रमाणे दर असतो, मेमध्येच नाव नोंदवून ठेवा. दोन-तीन फुटाचं, खोड पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप घ्या. आठ फुटाचं झाड बघायला बरं दिसतं पण मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळलेली असतात, आणि वाऱ्याला आडवं होतं. स्वतः बी पेरणार असाल तर जांभळाचं बी फळ खाल्ल्या-खाल्ल्या पेरा, वाळवून ठेवलं की उगवत नाही, कडुनिंबाचंही तसंच. बहाव्याचं बी मात्र कठीण कवचाचं, एका टोकाला सँडपेपरवर घासून रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय फुटत नाही.

सावध: भीमगड अभयारण्यातून किंवा जांबोटी, चोर्ल्याच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, रोपं, कंद, आमरी (ऑर्किड) उपटून आणू नका. अभयारण्यात तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसंही सड्यावरची आमरी आपल्या बागेत जगत नाही, तिकडंही गेली आणि इकडंही गेली.

आता तारीख. ५ जूनला लावू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं वळीव जोरात पडतो, जमीन वरून ओली होते, आणि लोकांना वाटतं पाऊस सुरू झाला. मग दहा-बारा दिवस कडक ऊन पडतं आणि रोपं माना टाकतात. खरा पाऊस लागून जमीन हातभर खोल ओली झाली की लावा, बहुतेक वर्षी जूनचा दुसरा पंधरवडा. तपासायची साधी पद्धत म्हणजे खड्ड्याशेजारी पहार मारा, हातभर आत जाऊन टोकाला ओली माती चिकटून आली पाहिजे. ५ जूनला कार्यक्रम करायचाच असेल तर त्या दिवशी खड्डे दाखवा, बिया वाटा, बागेत फेरी काढा.

लावताना पिशवी काढा. हे लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण मेलेली रोपं उपटून बघितली की दहातल्या तीन-चारांना खाली काळी पिशवी तशीच असते, नुसती बुडाला फाडलेली. ब्लेडनं एका बाजूनं उभी कापा, मातीचा गड्डा न फोडता रोप ठेवा, खाली गुंडाळलेलं मूळ असेल तर तेवढं टोक कापा. खोड पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच जमिनीत जाऊ दे, जास्त खोल पुरलं की कुजतं. पायानं हलकं दाबा, आळं करा, बांबूची काठी ठोका आणि सुतळीनं इंग्रजी आठाच्या आकारात सैल बांधा. नायलॉन दोरी, तार नको, दोन वर्षांत सालीत रुतते.

मोठ्या झाडांमध्ये २५-३० फूट अंतर, झुडपांना ६-८ फूट. जपानी मियावाकी पद्धतीनं दाट लावायची सध्या टूम आहे, एखाद्या पडीक कोपऱ्यात हरकत नाही, पण मोकळ्या गवताळ तुकड्यावर करू नका, तिथं राहणारी टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांना मोकळी जागाच लागते.

६) फुलपाखरांचा पट्टा

फुलपाखरं येतात आणि निघून जातात त्याचं उत्तर इथं आहे. फुलं म्हणजे खानावळ, घर नव्हे. मादी अंडी घालते ती ठराविक झाडाच्या पानावर, कारण सुरवंट तेवढंच पान खातो. ते झाड नसेल तर पिटुनिया, झेंडूचे कितीही वाफे करा, ती रस पिऊन पुढं जाणार.

म्हणून खाद्यझाडं आधी लावा. लिंबू, कढीपत्ता, बेल यावर कॉमन मॉर्मन आणि लाइम ही फुलपाखरं वाढतात. रुईवर प्लेन टायगर. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. टाकळ्यावर छोटी पिवळी ग्रास यलो. कण्हेर आणि उंबर-वडावर कॉमन क्रो. वायवर्ण्यावर ग्रेट ऑरेंज टिप. खानापूर बाजूला असाल तर सापसंदाची वेल लावून बघा, त्यावर सदर्न बर्डविंग वाढतं, ते कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू आहे. ब्लू मॉर्मन महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं आणि आपल्याकडं दिसतं, म्हणजे या भागातल्या बागेत दोन्ही राज्यांची फुलपाखरं सांभाळता येतात, मला ही गोष्ट फार आवडते.

खुळखुळा म्हणजे घागरीची चार झाडं लावाच, आणि ती वाळली तरी उपटू नका. पावसाळा सरता सरता ब्लू टायगर आणि क्रोचे नर त्या वाळक्या काड्यांवर दाटीनं बसतात, मादीला भुलवणाऱ्या गंधासाठी जे द्रव्य हवं ते तिथून घेतात.

मग पुढचं संकट, माळ्याचा पंप. आमच्या इथल्या बागेत पानफुटीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. एका सकाळी गेलो तर अर्ध्या कुंड्या रिकाम्या, पानं कचऱ्यात. माळी म्हणाला, पानांना फोड आलेत, आतून पोखरल्यात, रोग पडलाय म्हणून काढून टाकलं. मी कचऱ्यातलं एक पान उचलून उजेडाला धरलं, दोन पापुद्र्यांच्या मधून इवलासा सुरवंट सरकताना दिसत होता. रेड पिअरोट या फुलपाखराचा सुरवंट पानाच्या आतच राहतो, आतला गर खातो, बाहेर येऊन कोष करतो. माळ्यानं ते पान बराच वेळ हातात धरलं, मग उरलेली पानं स्वतः वेचून परत कुंडीत ठेवली. त्याची चूक नव्हतीच, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. म्हणून हे सगळं माळ्याला आधी दाखवा, कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं जे दिसतं तो मॉर्मनचा लहान सुरवंट, पुढं हिरवा होतो आणि डिवचला की डोक्यामागून दुतोंडी शिंग बाहेर काढतो. (पानफुटी मूळची मादागास्करची, म्हणून कुंडीतच ठेवा, जमिनीत सोडली की पसरते.)

पट्टा उन्हाच्या बाजूला करा, दिवसात पाच-सहा तास ऊन हवं. एका कोपऱ्यात ओली वाळू ठेवा, चिमूटभर मीठ घालून, तिथं नर चिखलपान करायला, म्हणजे ओलीतले क्षार शोषायला बसतात.

तपासून बघा: पानं खाल्लेली दिसतायत का? दिसत असतील तर पट्टा जमला. एकही पान कुरतडलेलं नसेल तर कुठंतरी औषध मारलं जातंय, विचारा.

७) पाणी

उन्हाळ्यात मातीची पसरट ताटली, पाणी दोन इंचाहून खोल नको, मध्ये एक-दोन दगड, म्हणजे लहान पक्षी आणि मधमाश्या बुडत नाहीत. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाजवळ ठेवू नका. दर दोन दिवसांनी ओतून, काथ्यानं घासून परत भरा. डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळं दोन दिवसांचा नेम पाळला की डेंग्यूची तक्रार करायला कुणाला जागा राहत नाही. घासणार कोण हे नावानिशी ठरवा, नाहीतर पंधरा दिवसांत शेवाळ.

जुनी विहीर, डबकं असेल तर त्यात गप्पी मासे सोडायच्या आधी थांबा, ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लंही खातात. आणि कबुतरांना पोतंभर जोंधळे टाकणं बंद करा, बाकीच्या पाखरांना त्याचा उपयोग नाही, कबुतरं मात्र वाढत जातात.

८) पाट्या आणि मोजणी फेरी

पाटी खिळ्यानं खोडावर ठोकू नका. शेजारी लोखंडी पाइप रोवा. नाव मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहा, खाली शास्त्रीय नाव. जांभूळ नेरळे, करंज होंगे, पळस मुत्तुग, बहावा कक्के, ऐन मत्ती, उंबर अत्ती, काटेसावर बूरुग, कडुनिंब बेवु. दोन्ही नावं वाचून लोक थांबतात, आमच्या गावाकडं याला अमुक म्हणतात असं सांगतात, आणि मग ते झाड कुणीही सहज तोडू देत नाही. झाडाचे गुणधर्म, औषधी उपयोग असला मजकूर टाळा, लोक साल सोलून नेतात.

फेरी कधी काढायची? फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीमोजणी असते चार दिवस, सप्टेंबरमध्ये फुलपाखरांचा महिना, ऑक्टोबरच्या २ ते ८ वन्यजीव सप्ताह. २२ मे जागतिक जैवविविधता दिन, पण तेव्हा शाळांना सुट्टी आणि ऊन, त्या दिवशी नोंदवही समितीकडं द्यायचा कार्यक्रम ठेवा.

पक्ष्यांसाठी सकाळी साडेसहा ते आठ, फुलपाखरांसाठी नऊ ते अकरा. एका गटात १५ पेक्षा जास्त माणसं नकोत, जास्त आली तर दोन गट करा. भोंगा नको, भाषण नको, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं तर अजिबात नको, विणीच्या दिवसांत पक्षी भक्ष्य आणायचं सोडून भांडायला येतो. मोजणी दर महिन्याला दोनदा, त्याच रस्त्यानं, त्याच वेळी, अर्धा तास. पक्षी ई-बर्डवर आणि बाकी सगळं आयनॅचरलिस्टवर टाका, या अशा नोंदी ठेवायच्याच वेबसाइट आहेत, वहीतही लिहा. दिसलं नाही तेही लिहायचं. चिमणी या महिन्यात शून्य, ही नोंदच पुढं कामाला येते.

९) तीन वर्षांची राखण

पहिला ऑक्टोबर महत्त्वाचा. पाऊस थांबतो, ऊन तापतं, आणि पावसात वाढलेलं रोप पहिल्यांदा स्वतःच्या मुळांवर उभं राहतं. त्या महिन्यात आळ्यात पाल्याचा जाड थर द्या, बुंध्यापासून चार बोटं लांब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा एक घागर, रोज तांब्याभर नको, रोज थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात. मार्चपासून आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांतून एकदा, तिसऱ्या वर्षी फक्त एप्रिल-मे.

जनावरांसाठी कुंपण बांबूचं किंवा काटेरी फांद्यांचं. पत्र्याचं जाळीदार गार्ड लावलंत तर खोड घासायला लागण्याआधी काढायचं, तारीख वहीत लिहून ठेवा. बुंध्याभोवती सिमेंट, पेव्हर बसवायला कुणी आलं तर कमीत कमी १ मीटर मोकळं सोडायला लावा, आणि काम चालू असताना समोर उभं राहा. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोसारख्या जागी जुनी झाडं उभी आहेत ती लोक समोर उभे राहिले म्हणून.

रोप मेलं तर लगेच त्याच खड्ड्यात दुसरं लावू नका. उपटून मूळ बघा. मूळ काळं, वास येणारं म्हणजे पाणी तुंबलं, कुरतडलेलं म्हणजे हुमणी किंवा वाळवी, गोल गुंडाळलेलं म्हणजे पिशवीचा दोष, आणि मूळ ठणठणीत पण शेंडा वाळलेला म्हणजे पाणी घालणाऱ्यानं दांडी मारली. कारण वहीत लिहा, दुरुस्त करा, आणि नवं रोप पुढच्या जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात.